आधी तुमची चाल सांगा : ऑनलाइन बुद्धिबळ बघणाऱ्या मंडळींना खुले पत्र

बुद्धिबळप्रेमी मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा. पोस्टात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि आता घरी बसून डाव बघतो. माझं रेटिंग सोळाशेच्या वर कधी गेलं नाही, यापुढे जायचंही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ‘हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणारा’ असं तुमच्या मनात आलं तर उत्तर तयार आहे : कोणी नाही. तुमच्यातलाच एक. मोबाईल चार्जिंगला लावून रात्री बारापर्यंत लाइव्ह डाव बघणारा, आणि बायकोची बोलणी खाणारा.

पत्र लिहायला कारण झाली माझी नात. वय वर्षं साडेनऊ. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत शेवटचा डाव हरून आली. डाव मात्र तिने पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत स्वतःच्या अक्षरात नीट लिहून आणला होता. जावयाने तो मोबाईलमध्ये भरला. संगणकाच्या मते कोण पुढे आहे ते दाखवणारी कडेची ती पांढरी-काळी पट्टी वर गेली, खाली आली, आणि तो म्हणाला, “हे बघ! इथे तू प्लस तीन होतीस. हातचा डाव घालवलास.” पोरगी पटाकडे बघत राहिली. मग मला विचारते, “आजोबा, प्लस तीन म्हणजे कुठलं मोहरं?”

जावई हसला. मला हसू आलं नाही, कारण उत्तर मलाही नीट देता येईना.

आम्ही शिकलो तो हिशेब सोपा होता. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. त्या हिशेबाने प्लस तीन म्हणजे एक घोडा किंवा एक उंट जास्त. पण तिच्या पटावर दोन्ही बाजूंची मोहरी सारखीच होती! मग ते तीन आले कुठून? शोधाशोध केली तेव्हा कळलं की आकडा आता प्याद्यांचा उरलेलाच नाही. स्टॉकफिश या सगळ्यात नावाजलेल्या इंजिनाने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने, २०२२च्या डिसेंबरात, १५.१ या आवृत्तीपासून, मापच बदललं. प्लस एक याचा अर्थ, इंजिन इंजिनाशी खेळलं तर तिथून जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणजे प्लस तीन हे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिलेलं आश्वासन आहे. माझी नात यंत्र नाही, आणि तिच्यासमोर बसलेला इस्लामपूरचा तो चष्म्यातला मुलगाही नाही. तिला त्या जागी जिंकायला ओळीने सहा अचूक चाली सापडायला हव्या होत्या. त्यातली चौथी मला अजूनही पटलेली नाही.

मंडळी, गेली काही वर्षं आपण सगळेच या पट्टीच्या तोंडून बोलायला लागलो आहोत. मीसुद्धा. म्हणून हे पत्र तुम्हाला जितकं आहे तितकंच मलाही आहे.

१२ डिसेंबर २०२४चा दिवस आठवा. सिंगापूर. जगज्जेतेपदाची लढत, जगज्जेता डिंग लिरेन विरुद्ध आपला गुकेश, चौदावा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. गुकेशकडे काळी मोहरी. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि गुकेशचं एक प्यादं जास्त. पट्टी शून्यावर झोपलेली. आणि आपण काय लिहीत होतो? ‘बरोबरी घ्या आणि घरी जा.’ ‘झोप आली.’ ‘उद्या टायब्रेक.’ पोरगा मात्र उठायला तयार नव्हता. पट्टीला शून्य दिसत होतं. त्याला समोरचा थकलेला माणूस दिसत होता, आणि त्याचं कमी होत चाललेलं घड्याळ दिसत होतं. या गोष्टी पट्टीवर उमटत नाहीत.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर आणला. पट्टी एका झटक्यात काळी झाली आणि आपला आवाजच बदलला. ‘शाळकरी पोरसुद्धा असं खेळणार नाही.’ ‘हा जगज्जेता?’ अर्ध्या तासात निकाल लागला होता की ही लढत जगज्जेतेपदाच्या लायकीचीच नव्हती. माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनीही जाहीर नाराजी लावून धरली. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला, कास्पारोव्हचा बाविसाव्या वर्षीचा १९८५चा विक्रम मागे पडला, आणि आपण पेढ्यातली वेलची मोजत बसलो.

त्या रात्री मी एक प्रयोग केला. ज्या तिघा-चौघा ओळखीच्यांनी डिंगची टर उडवली होती त्यांना फोन लावून एवढंच विचारलं, “एफ२वर हत्ती चुकीचा का?” एकाने सांगितलं, “पट्टी पडली ना.” दुसरा म्हणाला, “हत्तीची मारामारी होते म्हणून.” पण हत्तीची मारामारी तर डिंगला हवीच होती! हत्ती गेले आणि उंट उरले, तर जास्तीच्या एकट्या प्याद्यावर डाव जिंकणं कठीण असतं. अडचण त्याच्या उंटाची होती. तो ए८च्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. हत्ती मारले गेले, राजाने परत घेतलं, आणि गुकेशने आपला उंट डी५वर आणून त्याच्यासमोर उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला बाजूला व्हायला घरच नाही. उंटही गेले, उरली राजा-प्याद्यांची अखेर, आणि तीत जास्तीचं प्यादं जिंकतं. डिंगने अठ्ठावन्नाव्या चालीनंतर हात पुढे केला. हे कळायला मला पट मांडून वीस मिनिटं लागली. कळल्यावर डिंगला हसावंसं वाटेना. तासन्‌तास खेळून, घड्याळ पळत असताना, तो कोपऱ्यातला उंट माझ्याही नजरेतून सुटला असता. तुमच्या सुटला नसता, तर लिहा तसं. पण कारणासकट लिहा.

क्रामनिक यांचं नाव निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट. नोव्हेंबर २००६, बॉन. डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध दुसरा डाव. क्रामनिक तेव्हा गादीवरचे जगज्जेते. बऱ्यापैकी डावात त्यांनी वजीर ई३वर नेला, आणि संगणकाने एच७वर वजीर ठेवून मात केली. एका चालीतली मात! जगज्जेत्याच्या नजरेतून निसटली. याने क्रामनिक लहान झाले का? माझ्या मते नाही. उलट त्या एका चालीमुळे मला ते जवळचे वाटायला लागले होते. सिंगापूरच्या वेळी त्यांना स्वतःला तो डाव आठवला असता तर बरं झालं असतं, एवढंच.

आणि सोची, २०१४. जगज्जेतेपदाची लढत, आपला आनंद विरुद्ध कार्लसन, सहावा डाव. सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा डी२वर नेला. ढळढळीत चूक. आनंदच्या घोड्याने ई५वरचं प्यादं उचललं असतं तर मागचा हत्ती मोकळा होऊन समोरच्या हत्तीवर गेला असता, वर घोड्याचा शहही होता. कार्लसनला मोहरा सोडल्यासोडल्या कळलं आणि तो चेहरा दगडाचा करून बसला. आनंदने काय केलं? कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. समोरून भेट येणार आहे याची कल्पनाच नसेल तर हात पुढे होत नाही, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. तो डावही गेला आणि लढतही. या डावाकडे मी पत्राच्या शेवटी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता जरा मागे जातो. कंटाळा आला तर हा भाग गाळा, म्हाताऱ्याचं आहे.

१९७२. मी बारा वर्षांचा. रेक्याविकमध्ये फिशर आणि स्पास्की जगज्जेतेपदासाठी खेळत होते आणि आमच्या वाड्यात पंधरा-वीस माणसं रोज पेपरची वाट बघत होती. पहिल्या डावाच्या चाली छापून आल्या त्या दिवशीचं आठवतं. सगळं बरोबरीकडे चाललेलं असताना फिशरच्या उंटाने एकोणतिसाव्या चालीला एच२वरचं प्यादं मारलं. स्पास्कीने जीचं प्यादं पुढे केलं आणि उंट आत अडकला. फिशर हरला. का मारलं असेल? काका म्हणाले, डोकं फिरलं. समोरच्या बिऱ्हाडातले वकील म्हणाले, त्याला बरोबरी नकोच होती, म्हणून जोखीम घेतली. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळलेले, प्याद्याने केलेली मात त्यांच्या लेखी सगळ्यात मानाची. त्यांचं मत असं की प्याद्याचा लोभ हाच मुळात वाईट. तीन दिवस वाद चालला. पट मांडून ठेवलेला, कोणीही यावं, दोन चाली करून दाखवाव्यात, दुसऱ्याने खोडून काढाव्यात. उंट गमावूनही डाव बरोबरीत सुटू शकला असता, हे पुढे विश्लेषकांनी दाखवून दिलं. वकील तेव्हा नव्हते. असते तर त्यांनी अख्ख्या वाड्याला चहा पाजला असता.

आज हाच डाव चालू असता तर? पट्टी खाली घसरली असती, ‘फिशर संपला’ असं तीन हजार जणांनी लिहिलं असतं, आणि दहा मिनिटांत आपण दुसऱ्या डावाकडे वळलो असतो. तीन दिवसांचा वाद दहा मिनिटांत मिटला, यात कोणाचं काय भलं झालं, मला कळत नाही. उत्तर लवकर मिळालं हे खरं. पण प्रश्न कोणी विचारलाच नाही.

त्याच लढतीतला सहावा डाव फिशरने इतका सुंदर जिंकला की प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या, आणि हरलेला स्पास्की स्वतः टाळ्या वाजवायला लागला. हे मी दर वर्षी एकदा तरी कोणाला तरी सांगतो. आता तुम्हाला सांगितलं.

असं समजू नका की जुने प्रेक्षक सगळे साधूसंत होते. १९६०ची ताल-बोत्विनिक लढत, मॉस्को, सहावा डाव. तालने घोडा एफ४वर सरळ मरायला ठेवला. सभागृहात एवढी कुजबुज, एवढा गलका उडाला की डाव आतल्या खोलीत न्यावा लागला. ते बलिदान पक्कं नव्हतं, पुढच्या विश्लेषणात ते खोटं निघालं. बोत्विनिकला पटावर बसून, घड्याळ चालू असताना, ते सिद्ध करता आलं नाही. ताल जिंकला, आणि पुढे जगज्जेताही झाला. पण तो गलका कशाचा होता बघा. ‘हे खरं का खोटं’ याचा होता. प्रत्येक जण आपापल्या डोक्यात घोडा मारून बघत होता. आज पट्टी असती तर तालच्या घोड्याला पहिल्याच सेकंदाला लाल प्रश्नचिन्ह मिळालं असतं आणि कोणी हूं की चूं केलं नसतं.

पट्टीचा मी शत्रू नाही. ज्यांना खेळ नुकता कळायला लागलाय त्यांना तिच्यामुळे निदान कोण पुढे आहे ते तरी दिसतं. माझी बायको, जिला घोडा कसा चालतो हे चाळीस वर्षांत मी शिकवू शकलो नाही, ती पट्टी बघून विचारते, “काळा वर गेला का हो?” आणि मग दहा मिनिटं बसते. हे पट्टीचंच देणं. माझं भांडण आहे ते पट्टी बघून खेळाडूला शहाणपण शिकवण्याशी.

आणि याच सवयीचं दुसरं पिल्लू जास्त विखारी आहे. चाल पट्टीशी जुळली नाही तर खेळाडू ढ. आणि जुळली तर? चोर!

फसवणूक होते, हे मला माहीत आहे. २०१९मध्ये स्ट्रासबर्गला इगोर्स राउसिस हा ग्रँडमास्टर डाव चालू असताना स्वच्छतागृहात फोनसकट सापडला आणि त्याने ते कबूलही केलं. असल्या माणसाला हाकललंच पाहिजे. पण २०२२च्या सप्टेंबरात सेंट लुईसला हान्स नीमनने कार्लसनला हरवलं आणि कार्लसन स्पर्धा सोडून गेला, त्यानंतर जगभरच्या चाहत्यांनी जो धुरळा उडवला तो आठवा. जे विनोद झाले ते घरात मोठ्याने वाचण्यासारखे नव्हते. पोरगा धुतल्या तांदळासारखा नव्हता, लहानपणी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचं त्याने स्वतःच सांगितलं होतं. पण त्या दिवशी, त्या पटावर, समोरासमोर बसून त्याने काही केलं याचा पुरावा आजपर्यंत पुढे आलेला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३मध्ये तडजोड झाली, आणि योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने कार्लसनला दहा हजार युरो दंड केला. दंडाची बातमी किती जणांनी पुढे पाठवली? विनोद पाठवले त्यांच्या शंभरातल्या एकानेही नसेल.

इथे पुन्हा क्रामनिक येतात, त्याला माझा इलाज नाही. २००६ची एलिस्ताची जगज्जेतेपदाची लढत, क्रामनिक विरुद्ध टोपालोव्ह. टोपालोव्हच्या गोटाने तक्रार केली की क्रामनिक डावात फार वेळा स्वच्छतागृहात जातात. त्यांचं खासगी स्वच्छतागृह बंद केलं गेलं, ते निषेध म्हणून पाचव्या डावाला बसले नाहीत, तो डाव त्यांच्या नावावर हरलेला लागला. तरी शेवटी टायब्रेकमध्ये ते जिंकले. पुराव्याशिवायचा संशय माणसाला कसा कुरतडतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळायला हवं? तेच क्रामनिक पुढे एकामागून एक खेळाडूंच्या ऑनलाइन खेळावर जाहीर शंका घ्यायला लागले. त्यात अमेरिकेचा डॅनियल नारोडित्स्की होता. गोड बोलणारा, शिकवण्यात हातखंडा असलेला ग्रँडमास्टर. माझ्या नातीला हत्तीची अखेर त्याच्याच व्हिडिओंनी शिकवली, मी निमित्ताला शेजारी बसलो होतो. १९ ऑक्टोबर २०२५ला तो गेला, वय अवघं एकोणतीस. शेवटच्या प्रक्षेपणात तो या आरोपांच्या ओझ्याबद्दल बोलला होता. मृत्यूशी त्याचा संबंध जोडणारा मी कोण? पण तो जिवंत असताना त्याच्याबद्दल ‘आग असल्याशिवाय धूर नाही’ असं लिहिणारे मराठी हातही मी पाहिले आहेत, आणि २० तारखेला तेच हात श्रद्धांजली लिहीत होते.

नागपूरच्या दिव्या देशमुखबद्दल लिहायचं ठरवून बसलो होतो, आणि बघा, किती उशिरा पोचलो.

जुलै २०२५, बाटुमी, जॉर्जिया. महिलांचा विश्वचषक. दिव्याला पंधरावं मानांकन, नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी, नाही. झू जिनरला घालवलं, मग आपल्याच हरिकाला, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. त्यातला एक डाव एकशे एक चालींचा. मी तो शेवटपर्यंत बघितला. पट्टी त्या डावात विहिरीवरच्या रहाटासारखी वर-खाली होत होती आणि दर वेळी ती खाली आली की पोरीच्या नावाने बोटं मोडली जात होती. एकशे एक चाली! पहिल्या चाळीस चालींनंतर ज्यांनी मोबाईल ठेवून दिला, त्यांना तिच्या थकव्याचा अंदाज तरी होता का?

अंतिम फेरी कोनेरू हंपीशी. हंपी २००२मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन संथ डाव बरोबरीत, पहिला रॅपिड, म्हणजे जलद डावही बरोबरीत, आणि २८ जुलैला दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. विश्वचषक, थेट ग्रँडमास्टर किताब, भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. इकडे आपण दोन कामं केली. एक, हार घातले. दोन, ‘हंपीने चूक केली म्हणून जिंकली’ असं लिहिलं. अहो, बुद्धिबळात दुसरं कसं जिंकतात? समोरच्याने चूकच केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. चूक करायला लावणं, ती होईपर्यंत तग धरणं आणि झाल्यावर ती दिसणं, यालाच आपण खेळ म्हणतो. हेच वाक्य पुरुष खेळाडूच्या विजयाखाली इतक्या सहज येत नाही, हेही मी मोजत आलो आहे.

तिने स्वतः हे आधीच सांगितलं होतं. जानेवारी २०२४, नेदरलँड्सच्या वाइक आन झी गावातली टाटा स्टील स्पर्धा. चॅलेंजर्स गटात ती खेळली, आणि परतल्यावर तिने लिहिलं की प्रेक्षकांचं लक्ष तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि बोलण्याच्या ढबीकडे जास्त होतं. अठरा वर्षांची मुलगी. त्यावरही तिला उलट उपदेश करणारे निघालेच.

तुम्हाला वाटेल हे सगळं मोबाईल आल्यानंतरचं. नाही. १९७६मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर, तेव्हा तेरा वर्षांची, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तर केवढा गहजब झाला. मामला हायकोर्टापर्यंत गेला. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी ठरवून दिलं की बाईला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. स्वतः माजी जगज्जेता असलेल्या माणसाला हे सांगावं लागलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली दहा वर्षं आपसांत वाटून घेतली. आमच्या वाड्यातही तेव्हा बोलणारे होते, ‘पोरी पाठ करून खेळतात.’ त्यांच्यातला एकही जण रोहिणीपुढे वीस चाली टिकला नसता. आवाज मात्र मोठा होता. पन्नास वर्षांनी तोच आवाज मी मोबाईलवर ऐकतो, फरक एवढाच की आता त्याच्या हातात पट्टी आहे.

नाशिकच्या विदित गुजराथीबद्दलही तेच. २०२४मध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, त्याने अमेरिकेच्या नाकामुराला एकदा सोडून दोनदा हरवलं. त्या दोन रात्री तो ‘आपला विदित’ होता. मधल्या पराभवांच्या रात्री तो कोणाचाच नव्हता.

तर मागणं काय? मोठं नाही. पोस्टाने डाव खेळायचो तेव्हाची एक रीत होती, तेवढी पाळा. माझा एक गडी रत्नागिरीला होता, त्याची माझी प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. पंधरा पैशांच्या कार्डावर एक चाल. कार्ड पोचायला चार दिवस, त्याच्या विचाराला आठवडा, परत यायला चार दिवस. एक डाव दीड वर्ष चालला. त्या कार्डावर चालीखाली जागा उरायची, तिथे तो मतं लिहायचा. कार्पोव्ह भित्रा आहे, कोर्चनोई तापट आहे, असली काय वाट्टेल ती. पण चाल आधी, मत नंतर. चाल न लिहिता नुसतं मत आलं असतं तर मी त्याला पोस्टाचं तिकीट फुकट घालवलंस म्हणून झापलं असतं.

आपणही तेवढंच करू. गुकेश काय चुकला हे लिहायचंय? लिहा, पण तुम्ही त्या जागी काय खेळला असतात ते आधी लिहा. पट्टी झाकून. तुमची चाल भिकार निघाली तर निघू द्या, आमच्याही निघतात. कोणावर संशय असेल तर चाल दाखवा, कारण सांगा, आणि तक्रार जिथे करायची असते तिथे करा. आणि कोणाच्या केसांबद्दल बोलायचं असेल तर तिथे चाल लिहिता येत नाही, म्हणजे ते लिहायचंच नाही. सोपं आहे.

आमच्या घरी हे सुरू झालंय. नातीने आजीच्या टिकल्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा कापला आणि मोबाईलच्या डाव्या कडेला, पट्टीवर, सेलोटेपने चिकटवला. लाइव्ह डाव लावला की आम्ही दोघं समोर खरा पट मांडतो. दर चालीला ती आपली चाल वहीत लिहिते, मी माझी. मग खेळाडू काय करतो ते बघतो. पहिल्या दिवशी तिच्या पाच चाली जुळल्या, माझ्या चार. जावयाला पुठ्ठा आवडलेला नाही. पण परवा तोही खुर्ची ओढून बसला आणि स्वतःच्या चाली जुळेनात म्हणून हळूच पुठ्ठ्याचा कोपरा उचलताना पकडला गेला.

काल तिच्यासमोर सोचीचा तो सहावा डाव मांडला. कोणाचा, कुठला, काहीच सांगितलं नाही. कार्लसनचा राजा डी२वर ठेवला आणि म्हटलं, “काळ्याची चाल. खेळ.” तिने दोन्ही हात गालावर ठेवून बराच वेळ बघितलं. मी घोड्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होतो. शेवटी तिने हात पुढे केला आणि कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

मी म्हटलं, “आनंदने हेच केलं होतं.”

“विश्वनाथन आनंदने?”

“त्यानेच.”

काल रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिने. घोड्याची चाल आज दाखवणार आहे.

आपला,
सांगलीचा एक निवृत्त पोस्टकर्मी

ता. क. – रेक्याविकच्या पहिल्या डावात फिशरने एच२वरचं प्यादं का मारलं, याबद्दल कोणाचं स्वतःचं मत असेल तर जरूर कळवा. इंजिनाचं माझ्याकडे आहे.